वरची कोथिंबीर

केडगाव, ३ ऑगस्ट २०२५

महेंद्र,

जय भीम. आशीर्वाद नंतर लिहीन, आधी राग उतरू दे.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुला. तुझा नंबर मी ब्लॉक केला आहे आणि तो परत उघडायचा कसा ते मला येत नाही. शेजारच्या किराणावाल्या काकासाहेबांना विचारलं तर ते उघडून देतील, पण संध्याकाळपर्यंत अख्ख्या केडगावात होईल की भारतीने भावापुढे नाक घासलं. शिवाय फोनवर माझं तोंड माझ्या ताब्यात राहत नाही. लिहायला बसलं की हात दुखतो, त्यामुळे मोजकंच बोललं जातं. श्रावण चालू आहे. रविवार असून चिकनच्या दुकानाकडे कुणी फिरकत नाही, तेव्हा वेळही आहे.

डिसेंबरातल्या त्या सभेला आठ महिने झाले. आम्हा सगळ्या चिकन-मच्छीवाल्यांना बोलावलं होतं आणि बोलणारे साहेब तू होतास. मी नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसले होते. बाजूच्या बाईला सांगितलं पण, तो माझा धाकटा भाऊ, पुण्याला कॉलेजात जंतू शिकवतो. तू पडद्यावर नगरचा नकाशा लावलास. बारा ठिकाणचे नमुने तुझ्या लॅबमध्ये नेऊन तपासले म्हणालास, औषधाला न जुमानणारे जंतू कुठे किती निघाले ते लाल ठिपक्यांनी दाखवलंस. नाव कुणाचं घेतलं नाहीस, फार शहाणा. पण पुणे रोडला केडगावच्या वळणावर एकच ठिपका होता, आणि त्या वळणावर चिकनचं दुकानही एकच आहे. "सात नंबरचा नमुना सगळ्यात वाईट," असं तू म्हणालास आणि सभागृहातली सगळी डोकी माझ्याकडे वळली.

मग मला आठवलं. दिवाळीला आला होतास. जेवलास, आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलास, आणि जाताना म्हणालास, अक्का, एक किलो बांधून दे. मला वाटलं बायकोला नेतोय. मी निवडून तंगड्या घातल्या, वर कलेजी घातली. आणि तू ती पिशवी लॅबमध्ये नेलीस!

उभी राहून मी जे बोलले ते तुझ्या लक्षात असेलच. मी उठून निघाले तेव्हा तू मागे धावत आलास, "अक्का, पुरतं ऐकून तरी जा." ऐकायचं राहिलं होतं काय? आता मला बाजारात सात नंबर म्हणतात. परवा एका मच्छीवाल्याने लांबून हाक मारली, "ओ सात नंबर, सुट्टे हायेत का?" मी सुट्टे दिले. काय करणार.

पत्राचं कारण आई आहे. रोज तुझं नाव काढते. मी सांगते, त्याला काम आहे. ती म्हणते, "आठ म्हैने काम हाय व्हय?" तुला तिला भेटायचं असेल तर माझी एकच अट आहे. दुकानात यायचं आणि चार गिऱ्हाइकांसमोर सांगायचं की अक्काच्या दुकानात घाण नाही. एवढं बोललास की आई तुझी.

तशी ती मजेत आहे. सकाळी नऊला दुकानात येते, मी जिथे कोंबडी तोडते त्या लाकडी ओंडक्याशेजारी तिचं स्टूल असतं, तिथे बसते. छबूबाई शेतातली कोथिंबीर आणून टाकते, आई तिच्या बारक्या जुड्या बांधते आणि चिकनच्या प्रत्येक पिशवीत आपल्या हाताने एक टाकते. पाव किलो घेणाऱ्यालाही. गिऱ्हाईक "अक्का, चिकन द्या" म्हणत नाही, "वरची कोथिंबीर विसरू नका" म्हणतं. पावसात कोथिंबीर महागली की मी म्हणते, आई, चार दिवस बंद करू. ती म्हणते, "मंग मी काय नुस्ती बसू?" यंदा तर तिने नवीनच काढलंय. कोथिंबीर धुवून देते. पाणी निथळत असलेली हिरवीगार जुडी पिशवीत पडते, बघणाऱ्याला बरं वाटतं. हेही लिही तुझ्या तक्त्यात.

तुझी
अक्का


केडगाव, २१ ऑगस्ट

महेंद्र,

तुझं पत्र आलं. तीन ओळी. एवढं शिकून तीन ओळी! "दुकानात घाण आहे असं मी म्हणालोच नव्हतो. तू सांगशील त्या दिवशी येतो, फक्त नसलेलं बोलायला लावू नकोस. आई कशी आहे?"

नसलेलं म्हणजे? माझं दुकान दिवसातून तीनदा फिनेलने धुतलं जातं. चाकू मी रोज उकळत्या पाण्यात टाकते. कोंबड्या सहादेवच्या शेडमधल्या, तो त्यांना पाण्यातून नुसतं टॉनिक देतो, मी त्याचा डबा डोळ्यांनी पाहिलाय, वर कोंबड्याचं चित्र आहे. या सगळ्याला तू नसलेलं म्हणतोस. मग नको येऊस.

दाजींनी हे वाचलं आणि म्हणाले, शेवटची ओळ खोड. नागापूरच्या कंपनीत तीस वर्षं काढलेला माणूस, त्याला प्रत्येक गोष्ट घासून गुळगुळीत करायची असते. मी खोडणार नाही.

आई बरी आहे. थोडी कणकण आहे, पावसाळ्यात असतेच. गेल्या वर्षी मला दिलेल्या गोळ्यांचं अर्धं पाकीट घरात होतं, तेच दिलं. वाया कशाला घालवायचं.

अक्का


दवाखान्यातून, ३० ऑगस्ट

महेंद्र,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. कणकण नव्हती, हुडहुडी भरून ताप होता आणि लघवीला जळजळ. अर्ध्या पाकिटाने दोन दिवस उतरला, परत चढला. मग मेडिकलवाल्याने दुसऱ्या गोळ्या दिल्या, मग तिसऱ्या. बुधवारी ती मला छबूबाई म्हणून हाक मारायला लागली तेव्हा रिक्षात घातलं आणि इथे आणलं. तेव्हापासून सलाईन चालू आहे.

पण आज चांगली बातमी आहे म्हणून लिहायला बसले. लघवीतला जंतू वाढवून बघतात तो रिपोर्ट आला. तुझ्याच खात्यातला कागद. तेरा औषधांची नावं आहेत आणि प्रत्येकापुढे एक इंग्रजी अक्षर. अकरा ठिकाणी आर आहे, म्हणजे राइट. दोनच ठिकाणी एस, म्हणजे साइड इफेक्ट. मी त्या दोघांवर पेनाने फुली मारून ठेवली, नर्स चुकून देईल म्हणून. आईला सांगितलं, अकरा औषधं तुला लागू आहेत. तिने मान हलवली.

दाजींनी कागद चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला. म्हणाले, "आमच्या कंपनीत आर म्हंजी रिजेक्ट असतंय. आर मारला की जॉब भंगारात."

मी म्हटलं, "तुमची कंपनी नटबोल्ट करते. ही माझी आई आहे."

डॉक्टरीणबाई आज दुसऱ्या गावी आहेत, उद्या बघतील. चांगली बातमी घेऊनच तुला पत्र टाकावं म्हणते. पाकिटावर तिकीट लावून ठेवलंय.

अक्का


दवाखाना, १ सप्टेंबर

महेंद्र,

परवाचं पत्र टाकलं नाही. फाडलंही नाही.

आर म्हणजे जंतू त्या औषधाला जुमानत नाही. डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीवर बसवून सांगितलं. अकरा औषधं वाया. मी ज्या दोघांवर फुली मारली तीच दोन हातात आहेत, आणि त्यातलं एक किडनीला जड जातं, आईच्या वयात देता येत नाही. म्हणजे एकच. ते कालपासून दिवसातून तीनदा सलाईनमधून चालू केलंय. बाई म्हणाल्या, "लागू पडायला हवं, पण दोन दिवस काही सांगता येणार नाही." मी विचारलं, नाही पडलं तर? त्यांनी कागदाची घडी घातली.

दाजी बाहेर बाकावर बसले होते. मी त्यांना म्हटलं, तुमचं बरोबर होतं. इतकी वर्षं मी त्यांना एकदाही असं म्हटलेलं नाही, आणि म्हटलं ते या गोष्टीसाठी.

आई ताप उतरला की डोळे उघडते आणि विचारते, "महेंद्र आला का?" मी सांगते, निघालाय. काल चार वेळा सांगितलं. चौथ्यांदा ती म्हणाली, "कवाधरनं निघालाय. येष्ट्या बंद हायेत का गं?"

तुला कळवायला एक मिनिट लागेल. दाजींच्या फोनमध्ये तुझा नंबर आहे. मी त्यांना शपथ घातली आहे की करायचा नाही. का, ते खरं खरं लिहिते, कारण इथे माझ्याशिवाय वाचायला कुणी नाही. तू येशील, कागद हातात घेशील, माझी फुली बघशील, आणि काही बोलणार नाहीस. माझ्याकडे बघशील फक्त. तुझं ते बघणं मला सोसायचं नाही. आई मरायला टेकली आहे आणि मला माझ्या मानाचं पडलं आहे. ती आज गेली तर मी तुला तिचं तोंड दाखवलं नाही असं होईल आणि ते जन्मभर तुझ्यामाझ्यात राहील. हे सगळं मला कळतंय. तरी फोन मी दाजींना देत नाही.


दवाखाना, १० सप्टेंबर

महेंद्र,

आई वाचली. हे आधी लिहिते. पाचव्या तारखेपासून ताप नाही. काल तिने वरणभात खाल्ला आणि दवाखान्याच्या वरणाला नावं ठेवली. सलाईनचे दोन दिवस उरलेत. मी काल बाथरूममध्ये जाऊन रडले, नळ सोडून.

आता दुसरं. खालच्या लॅबमधली मुलगी रोज आईचं रक्त न्यायला येते. गोड आहे, शीर सापडली नाही तर आईचीच माफी मागते. काल बाटलीवर नाव लिहिता लिहिता थबकली आणि म्हणाली, "केडगाव का? तुम्ही महेंद्र सरांच्या अक्का? वरची कोथिंबीरवाल्या?"

मी म्हटलं, हो, आणि सात नंबरवाली पण. ती हसली नाही. तिचं नाव प्रज्ञा, तुझ्याकडेच शिकली. त्या बारा नमुन्यांची मोजणी तिने केली होती. तिला वाटलं मला सगळं ठाऊक आहे, म्हणून सहज बोलून गेली, "सरांना फार वाईट वाटलं होतं, कोथिंबिरीत निघाल्यावर."

मी तिला खाली कँटीनमध्ये बसवलं आणि पुरतं ऐकलं. डिसेंबरात ऐकायला पाहिजे होतं ते काल ऐकलं, चहा गार करून.

तर माझं चिकन बाकीच्यांसारखंच होतं. चांगलं नाही, पण कुणापेक्षा वाईटही नाही. सात नंबर चिकन नव्हतंच. तू त्या पिशवीतली कोथिंबीर वेगळी काढून तपासली होतीस. चिकनमधला जंतू ओंडक्यावर, हातावर, तिथून कोथिंबिरीवर. तीच मुलगी म्हणाली, "अक्का, चिकन शिजतं. कोथिंबीर कुणी शिजवत नाही, वरून घालतात." एवढं साधं. अठरा वर्षं मी ओंडक्यावर हात चालवते आहे, आणि हे वाक्य माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

सहादेवच्या टॉनिकचा डबाही तिला फोनवर दाखवला, दाजींनी शेडवर जाऊन फोटो काढून आणला होता. कोंबड्याच्या चित्राखाली बारीक अक्षरात जे नाव होतं, ते आईच्या कागदावर तिसऱ्या ओळीत आहे. पुढे आर. सहादेवला मी विचारलं. तो म्हणाला, "वैनी, आमाला दुकानदारानं टॉनिक म्हनून दिलं, आमी टॉनिक म्हनून घातलं." खोटं बोलत नव्हता.

मी प्रज्ञाला विचारलं, मग सभेत सरांनी कोथिंबीर हा शब्द का नाही काढला? ती म्हणाली, "काढणार होते. पडद्यावरच्या पुढच्या पानावर होतं. आदल्या दिवशी त्यांनी ते पान काढून टाकलं. म्हणाले, ती माझी आई बांधते."

म्हणजे तू चारचौघांत माझ्या शिव्या खाल्ल्यास, आठ महिने ब्लॉक होऊन राहिलास, आणि एका शब्दाने सुटत होतास तो शब्द बोलला नाहीस. महेंद्र, मला तुझा अभिमान वाटावा की तुला दोन थोबाडीत द्याव्यात, मला ठरवता येत नाही. सध्या दोन्ही वाटतं.

मी तिला शेवटचं विचारलं, आईला हे त्याच कोथिंबिरीने झालं का? ती म्हणाली, छातीठोक कुणीच सांगू शकणार नाही. पाण्यातून असेल, माझ्या अर्ध्या पाकिटाने वाढलं असेल, कशानेही असेल. हातातली सुई नीट ठेवत म्हणाली, "पण जंतू त्याच जातीचा आहे." मी तिच्या चहाचे पैसे देऊन वर आले.

आता हे आईला कोण सांगणार? ती मघाशी उठून बसली आणि म्हणाली, "माझं इष्टूल हलिवलं न्हाई ना कुनी?"

हेही पत्र टाकत नाही. आधी तिला घरी नेते.


केडगाव, ५ ऑक्टोबर

महेंद्र,

या पाकिटात चार पत्रं आहेत. तीन मी लिहून ठेवली आणि टाकली नाहीत. तारखेप्रमाणे आधी ती वाच, मग हे. ती वाचून झाली की तू मला काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. आईच्या बाबतीत मी तुझ्याशी वाईट वागले. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे नीट जमणार नाही, पण मागते.

आता काय झालं ते सांगते.

आई बारा तारखेला घरी आली. तेव्हा पितृपक्ष चालू होता, मग नवरात्र, दुकान असून नसल्यासारखं. तिला दुकानात न्यायची वेळच आली नाही. कोथिंबीर मी बंद केली. गिऱ्हाइकांना सांगितलं, मिळत नाही. आईला सांगितलं, छबूबाई आजारी आहे, माल आणत नाही. तूच एकटा अर्धं बोलतोस असं नाही, आपल्या घरात सगळ्यांनाच येतं ते.

दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी, आईने पांढरी साडी नेसून वंदना घेतली. उभी राहिली पूर्ण वेळ, काठी न घेता. मला बरं वाटलं. काल शनिवारी सकाळी नऊला ती चप्पल घालून दारात. म्हणाली, "चल, दुकान उघडू." मी स्टूल आत माळ्यावर टाकलं होतं, ते दाजींनी गपचूप काढून ठेवलं. ती बसली आणि पाचव्या मिनिटाला समोरून छबूबाई गेली. डोक्यावर कोथिंबिरीचं गाठोडं, चालणं ठणठणीत. आईला बघून ओरडली, "भिमाबाई! आलीस व्हय? ह्या भारतीनं माझी कोथमीर बंद केली बघ, तूच सांग तिला."

आईने माझ्याकडे बघितलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मी त्यांची पिशवी बांधून दिली, शटर अर्धं ओढलं आणि तिच्यासमोर खाली फरशीवर बसले.

मी सगळं सांगितलं. एक शब्द मागे ठेवला नाही. तू नेलेली पिशवी, सात नंबर म्हणजे काय, ओंडका, हात, शिजतं ते आणि शिजत नाही ते. तिला कुठल्या जंतूने पाडलं ते. माझी फुलीसुद्धा. अठरा वर्षं आपण लोकांना चांगलं म्हणून देत होतो त्यातून काय जात होतं ते. ती ऐकत होती आणि मांडीवर तिची बोटं जुडी बांधल्यासारखी हलत होती.

मग ती म्हणाली, "पन म्या तर धूत हुते."

मी म्हटलं, धुऊन जात नाही आई ते.

"महेंद्रनंच सांगितलं हुतं धू म्हनून."

मला समजेना. मी म्हटलं, कधी?

"जानेवारीत. तू दौंडाला लग्नाला गेल्तीस. आला, बसला घटकाभर. म्हनला, आई, कोथमीर चांगली धुवून देत जा. म्या इचारलं, का रं? म्हनला, असंच. लोकांना स्वच्छ दिसती. म्हनला, आक्काला सांगू नको मी आल्तो म्हनून."

"आणि कुठल्या पाण्यात धूत होतीस?"

तिने हात लांब केला आणि निळा टप दाखवला. मशीनमधून पिसं काढून झाली की मी कोंबडी त्यात बुचकळते. दुकानात पाणी तेवढंच असतं हाताशी. तिने जानेवारीपासून रोज प्रत्येक जुडी त्यात बुचकळली, दोनदा, तू सांगितलंस म्हणून. मी समोर उभी राहून बघत होते आणि कौतुकाने तुला लिहीत होते.

हे तुला लिहू की नको यावर मी कालची दुपार घालवली. आई म्हणाली, "त्याला लिहू नको गं, मनाला लावून घेईल." दाजी म्हणाले लिही. मी लिहिते आहे. तुझ्या एका "असंच"मुळे ती मरता मरता राहिली असं मी म्हणत नाही, आणि प्रज्ञाने सांगितलंच आहे की छातीठोक कुणी म्हणू शकत नाही. पण तिला कारण सांगितलं असतंस तर तिने घरून हंडाभर पाणी आणून धुतली असती. किंवा बंदच केली असती. तुझी आई अंगठेबहाद्दर असेल, खुळी नाही. तुला आईचं मन जपायचं होतं. मलाही जपायचं होतं, म्हणून छबूबाईला आजारी पाडलं. दोघांनी मिळून तिला एवढं जपलं की तिला काही कळूच दिलं नाही.

ऐकून झाल्यावर तिने स्टूल स्वतः उचललं. मी धरायला गेले तर हात झटकला. दुकानाच्या बाहेर, काकासाहेबांच्या पायरीजवळ नेऊन ठेवलं, ओंडक्यापासून पंधरा पावलं. काकासाहेबांना म्हणाली, "माझ्याकडं आता कोथमीर न्हाई. पन मी हितं बसनार." त्यांनी तिला लसूण सोलायला दिला. दुपारी तिथून जाणाऱ्या एका बाईने विचारलं, आजी, कोथिंबीर कुठाय तुमची? आईने तिला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं, लघवीच्या जळजळीपासून. ती बाई चिकन न घेता गेली. त्यानंतर आणखी दोघी तशाच गेल्या. मी आईला थांबवलं नाही. चौथी आली ती म्हणाली, बरं झालं आजी सांगितलंत, आणि एक किलो घेऊन गेली. ओंडका मी उद्या बदलते आहे. टपाचं काय करायचं, हात कितीदा धुवायचे, सहादेवच्या शेडवर काय बोलायचं, हे तू येऊन सांग. चार गिऱ्हाइकांसमोरची माझी अट मी मागे घेतली.

पण तू ये म्हणते ते त्यासाठी नाही. संध्याकाळी दुकान बंद करून घरी चाललो होतो. आई माझ्या दंडाला धरून चालत होती. घर आलं, मी कुलूप काढत होते, तेव्हा मागून तिने विचारलं, "भारते, त्यो मला भ्यायला हुता का गं?"

मी म्हटलं, नाही आई, तुझ्यावर जीव आहे त्याचा.

ती म्हणाली, "जीव हाय ते मला ठावं हाय. म्या ते न्हाई इचारलं."

आज सकाळी परत विचारलं. याचं उत्तर तिला द्यायला तू ये, महेंद्र. ती पायरीवर बसून लसूण सोलते आहे.

अक्का